सातवा पडदा

एर्मेलिंदा दार उघडते तेव्हा तिच्या कडेवर
मटाराची टोपली असते आणि कपाळाला आठी.
"गिटारसाठी आलास ना? ये. पाय पूस.
गेल्या महिन्यात म्यूनिकहून एक जण आला होता,
त्यानं पाय पुसले नाहीत. त्याला दाखवलीच नाही."

मी त्रिएस्तेहून रात्रभर गाडी हाकत आलोय.
घरी अकरा आहेत. बारावीला भिंत नाही.
बायकोनं मोजणं सोडलंय,
हे चांगलं की वाईट, मी विचारलेलं नाही.

पलंगाखालून ती पेटी ओढते.
कुलूप गंजलेलं, चावी साखरेच्या डब्यात.
कोर्व्हिना. बेस. सदुसष्टची. चार तारांची.
अंगावर अकॉर्डियनचं उरलेलं प्लास्टिक,
शिंपल्याच्या पोटासारखं, हिरवट, चकाकतं.
गावच अकॉर्डियनचं. पोरांना भाता नको झाला,
वीज हवी झाली, तेव्हा मालकानं
गोदामातले तेच पत्रे तापवून
गिटारींच्या अंगावर चढवले:
नव्या नवरीला सासूच्या शालूचं पोलकं.
तीन वर्षं टिकला तो संसार.
मग साचे भंगारात, मालक अर्जेंटिनात.
माझ्या वहीत हयात एकेचाळीस.
ही बेचाळिसावी.

मी आधी वास घेतो. (हसा. आम्ही सगळेच घेतो.)
सिगरेट, रोगण, कुणाच्या तरी घामाचं मीठ.
अंगठा टेकायच्या जागी प्लास्टिक झिजून
खालचं लाकूड दिसतंय, बदामाएवढं.
हल्ली नवी वाद्यंही झिजलेली मिळतात,
कारखान्यातच काचकागद मारून, वर जास्त पैसे घेऊन.
ती झीज कुणाचीच नसते.

"बघतोस काय, वाजव," ती म्हणते आणि सोलायला बसते.
अ‍ॅम्पचे दिवे तापायला दोन मिनिटं लागतात.
तारा शेवटच्या बदलल्या तेव्हा लिरा चालायचा.
खर्ज येतो. कानांना नाही कळत,
आधी ओट्यावरच्या चमच्यांना कळतं, मग गुडघ्यांना.
एकेक पडदा चढत जातो. पाचवा. सहावा.
सातव्यावर सूर
तोंडात घास असल्यासारखा अडतो.
थप्.

"मुका आहे," मी म्हणतो. भाव पाडायला.
"सगळ्यांचा तो मुकाच," ती मान वर करत नाही.
"मालकाला मान सडपातळ हवी होती, बायकांसारखी.
मी तपासणीच्या टेबलावर होते.
रोज पाठीवर लाल खडूची फुली मारायचे,
रोज संध्याकाळी तो धोतरासारखा फडका घेऊन पुसायचा
आणि गाडीत भरायचा. दुकानांनी परत धाडल्या.
तिथंच बुडालो."

मी गप्प. हिला कसं सांगू,
आमच्यात अस्सल ओळखायची खूण हीच:
सातव्यावर मेली तर खरी.
जी नीट वाजते ती नक्कल, तिला कुत्रं विचारत नाही.

"मग ही तुमच्याकडे कशी?"
"तीन महिन्यांचा पगार थकला होता. त्याबदली.
म्हणाला, विकून टाक. कोण घेणार फुलीवाली?
मग वाजवली. बारा उन्हाळे, समुद्रकाठच्या नाचांत,
लग्नांत, एकदा पाद्र्याच्या वाढदिवसाला.
सातवा आला की थांबायचे.
लोक म्हणायचे, बाई ठेका काय धरते!"
टोपलीतला तिचा अंगठा मी आत्ता पाहतो.

"किती?"
"तीन महिन्यांचा पगार."
"तेव्हाचा की आत्ताचा?"
"तेव्हाचा. व्याजासकट.
आणि वाजवणार असशील तरच.
भिंतीला टांगणार असशील तर
मटार घेऊन जा, ताजे आहेत."

मला माझ्या अकरा भिंती आठवतात,
त्यांवरचे छोटे दिवे, आर्द्रतेचं यंत्र,
तारा सैल सोडलेल्या, मानेला ताण नको म्हणून.
ती वाट बघते.
मी खोटं बोलायला तोंड उघडतो.

थप्.